घाटातला तिसरा ब्रेक : जुन्या ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक पुन्हा कामाला लावा



भात झोडून झालं की आपल्या खर्डी-कसारा पट्ट्यात गाड्यांची धावपळ सुरू होते. कुणी भात घेऊन घोटीच्या गिरणीला चढतो आणि तांदूळ घेऊन उतरतो, कुणी नाशिककडून पेंड नि कांदा आणतो. मुरबाडची मंडळी माळशेज चढून ओतूर-आळेफाट्याकडे जातात. शेतीच्या कार्यक्रमात ट्रकचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण चौघांनी मिळून जुना ट्रक घ्यायचा, असं आता बऱ्याच गावांतून चालतं, आणि त्या ट्रकमध्ये मालाबरोबर घरचीच माणसं बसलेली असतात.

असा जुना ट्रक घेतला की एक गोष्ट हमखास दिसते. इंजिनाच्या धुराच्या पाइपावरचा एक्झॉस्ट ब्रेक बंद करून ठेवलेला असतो. हवेची नळी काढून तिच्या तोंडाला बोल्ट ठोकलेला. विचारलं तर उत्तर मिळतं, "तो अडकत होता, पायाचा ब्रेक चांगला आहे, चालतंय की." सपाटीला चालतं. घाटात चालत नाही.

का चालत नाही, याचा ढोबळ हिशेब पाहा. मालासकट बारा टनांची गाडी तीनशे मीटर उंचीवरून खाली आणायची, तर तिला धरून ठेवताना जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे १२० लिटर पाणी गारपासून उकळीपर्यंत तापेल. म्हणजे डिझेलचं पिंप निम्म्याहून जास्त भरेल एवढं पाणी. ही सगळी आच चार ड्रमांवर आणि लायनरांवर पडली, तर लायनर जळतो, करपट वास येतो, आणि पायाखालचा ब्रेक असूनही धरत नाही. त्या क्षणी ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. चालत्या भरल्या गाडीला हँडब्रेकचा भरवसा नसतो.

रेल्वेचंच पाहा. कसारा-इगतपुरीचा थळ घाट १८६५ साली सुरू झाला, आणि त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट. उतरताना विजेची इंजिनं नुसत्या चाकांच्या ब्रेकवर विसंबत नाहीत; ज्या मोटरींनी गाडी चढवली त्याच मोटरींना जनित्र करून गाडी धरतात. आपल्या ट्रकमध्ये तेच काम इंजिनाकडून करून घ्यायचं.

ते कसं? फवारणी पंप सगळ्यांनी वापरलाय. नोझलचा खटका बंद ठेवून दांडा मारत राहिलात तर थोड्या वेळानं दांडा हलेनासा होतो. एक्झॉस्ट ब्रेकमध्ये हेच आहे. धुराच्या पाइपात एक गोल पत्रा, म्हणजे झडप, आडवी होते. पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जागा मिळत नाही, तो अडतो, आणि गिअर लागलेला असल्यामुळे मागची चाकंही अडतात. त्याच वेळी डिझेल पंपाचा बंद करण्याचा दांडा ओढला जातो, म्हणजे डिझेलही तुटतं. दोन्ही कामं एकाच बटणावर होतात. बहुतेक जुन्या गाड्यांत ते बटण केबिनच्या फळीवर डाव्या पायाजवळ असतं. काहींत विजेचा स्विच असतो.

आता बिघाड कसा ओळखायचा ते बघू. हवेची टाकी पूर्ण भरा, गाडी सपाटीवर ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन सावकाश चालू द्या आणि बटण दाबा. डिझेल तुटणारी जोडणी ठीक असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. बंद न पडता नुसतं घुरघुरत राहिलं, तर पंपाची जोडणी आधी पाहा. मग इंजिन बंद ठेवून एकानं बटण दाबावं आणि दुसऱ्यानं बाजूनं, पाइपाला हात न लावता, झडपेच्या दांड्याकडे पाहावं. दांडा एका दमात पूर्ण फिरला पाहिजे आणि सोडल्यावर पूर्ण परतला पाहिजे. दांडा हलत नाही आणि हवेचा सुस्कारा ऐकू येतो, तर सिलिंडरचं रबर गेलंय किंवा नळी फुटलीय. सुस्कारा नाही आणि दांडाही नाही, तर बटणाखालचा व्हॉल्व्ह चिकटलाय. विजेचा स्विच असेल तर आधी फ्यूज आणि तार पाहा. दांडा अर्धाच फिरतो, तर झडप काजळीनं जाम आहे. आणि दांडा ठीक फिरतो पण उतारावर गाडी धरत नाही, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर निसटतोय, तिथे काळा पट्टा दिसेल.

सगळ्यात वाईट लक्षण उलटं असतं. चढावर दम जातो, काळा धूर येतो, इंजिन तापतं. मंडळी नोझल बदलतात, पंप कॅलिब्रेट करून आणतात, पैसे जातात, आणि दोष असतो अर्धवट मिटलेल्या झडपेत. तिथेच वैतागून ती नळी काढली जाते.

दुरुस्ती मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. इंजिन पूर्ण थंड हवं, टाकीतली हवा सोडून दिलेली हवी. झडपेचं घर उतरवण्याआधी पत्र्यावर आणि घरावर खडूनं नव्हे, छिन्नीनं खूण करा. पत्रा उलटा बसला तर नीट मिटत नाही. जाम शाफ्टला हातोडीनं ठोकू नका, वाकतो. रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवा, मग तारेच्या ब्रशनं काजळी काढा. शाफ्ट बुशात खडखडत असेल तर बुश बदला. पत्र्याला बारीक भोक असेल किंवा कडेला थोडी फट असेल, तर ती मुद्दाम ठेवलेली असते. वेल्डिंगनं बुजवू देऊ नका. दाब बेसुमार वाढला तर व्हॉल्व्ह उचलले जाऊन इंजिनालाच इजा होते.

शाफ्टला साधं ग्रीस लावायचं नाही. ते जळून त्याचीच काजळी होते. ग्रॅफाइट लावा. सिलिंडरचं रबर नवीनच टाका, आणि सिलिंडर आतून साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. डिझेल-पेट्रोलनं रबर फुगतं. गॅस्केट जुनं परत बसवण्याचा कंजूषपणा नको. जोडणी झाली की दोन्ही बाजू तपासा: बटण दाबल्यावर झडप पूर्ण मिटते का, आणि सोडल्यावर पत्रा धुराच्या वाटेला सरळ उभा राहून पंपाचा दांडाही पूर्ण मागे येतो का. ही दुसरी बाजू मिस्त्री घाईत विसरतात. पहिली चाचणी रिकाम्या गाडीनं, साध्या उतारावर घ्या.

झडप जाम होते ती न वापरल्यानं. पावसाळाभर गाडी उभी राहिली की गंज आणि काजळी एकजीव होतात. म्हणून गरज नसली तरी रोज दोन-चार वेळा बटण दाबावं.

वापरण्याबाबत. घाटाच्या तोंडाशीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरात भरली गाडी हा घाट चढेल, त्याच गिअरात तो उतरावा. क्लच दाबलेला असताना हा ब्रेक काहीच करत नाही. इंजिन किंचाळू लागलं तर पायाचा ब्रेक दमदार मारून वेग पाडा आणि पाय सोडा. सतत टेकवून ठेवू नका. पावसात ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीला जपून लावा, कारण तो फक्त मागच्या चाकांना धरतो. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणं सोडा. गिअरात उतरताना पंप डिझेल जवळजवळ तोडतोच, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. बचत उलटीच होते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू झाला आहे, त्यामुळे लांबच्या पुष्कळ गाड्या बोगद्यातून जातात. पण खर्डीच्या माणसाला घोटीहून घरी यायला जुना घाटच सोयीचा, तेव्हा ब्रेकचं काम टळत नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागतं. त्या आधीच्या आठवड्यात हे काम उरकलं तर गाडी एकदाच उभी राहते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी मात्र ही आशा धरू नये, त्यांना असा ब्रेक नसतो. त्यांनी खालचा गिअर, कमी भार, आणि रस्त्यावर येताच दोन्ही ब्रेक पेडल खिटीनं एकत्र जोडणं, एवढं कराच. शेतात वळायला सुटं केलेलं एक पेडल घाटात दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, आणि मागून ट्रॉली येते.