‘हे अंशतः खरे आहे’



२०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले. आपण खूश झालो, आम्हीही झालो. त्या आकड्याची फोड कोणी पाहिली? आपत्ती निधीतून ६,८००, पीक विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम कंपन्यांच्या खिशातली, आणि जाहीर करणार सरकार!

आता आमदाराने विचारले, “शेतकऱ्यांना ३०,८०० मिळाले नाहीत, हे खरे आहे काय?” तर छापील उत्तर येते, “हे अंशतः खरे आहे.” विलंबाची कारणे विचारली तर “प्रश्न उद्भवत नाही.” झाले, मंत्री सुटला.

म्हणून प्रश्न बांधावा लागतो. अमुक तालुक्यात ‘जी’ फॉर्म किती भरले गेले? कंपन्यांचे १६,००० किती खातेदारांना मिळाले? किती दावे कोणाकडे अडकले आहेत? आकडा मागितला की ‘अंशतः’ चालत नाही. प्रश्न तारांकित असला आणि पुकारला गेला तर त्यावर उपप्रश्न टाकता येतात. मंत्र्याने सभागृहात “करू” म्हटले, की ते आश्वासन समितीपुढे जाते.

आमदाराला हे आकडे स्वप्नात दिसत नाहीत. आपण त्याच्याकडे हार घेऊन जातो, कागद नेत नाही. तेव्हा ज्यांनी ‘जी’ फॉर्मची पोच आणि पासबुक जपून ठेवले असेल, त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावे. प्रश्न तिथेच बसून लिहू.