लावणीच्या शेवटी नाव कुणाचं?
(कळंब येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या बायांनो,

कला म्हटलं की आपली पोरं पिकासोपासून सुरू करतात. मी याच पुणे-नाशिक रस्त्यावरनं सुरू करतो. इथून वर गेलं की नारायणगाव. पाडव्यापासून तिथं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथल्याच विठाबाई. भाऊ मांग नारायणगावकरांची लेक.

नाचताना कळा आल्या, कनातीमागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट सगळा महाराष्ट्र सांगतो. ऐकणारा म्हणतो, वा, काय कलेवरची निष्ठा! मी विचारतो, दिवस भरलेल्या बाईला नाचावं का लागतं? कारण तिच्या पायांवर अख्ख्या फडाच्या चुली पेटतात. १९९० साली राष्ट्रपतींकडून सन्मान झाला. २००२ साली बाई गेल्या त्या हलाखीत. मग सरकारनं त्यांच्या नावाचा पुरस्कार काढला. मेल्यावर हार घालायला या व्यवस्थेचं काय जातं?

तमाशातली कामाची वाटणी बघा. सरदार पुरुष, सोंगाड्या पुरुष, ढोलकी पुरुषाच्या गळ्यात. गवळणीतली मावशीसुद्धा पुरुषच! पूर्वी तर बाईच्या जागी नाच्या पोऱ्या असायचा. महाराची पवळा हिवरगावकर बोर्डावर उभी राहिली. पठ्ठे बापूरावांची लावणी तिच्या गळ्यातून गावोगाव गेली. लावणीच्या शेवटी नाव मात्र बापूरावांचं. विठाबाईंनी स्वतःचा फड चालवून दाखवला. तेव्हा बाईला जमत नाही, हे कुणी सांगू नये.

अमेरिकेतही हेच. मेक्सिकन वंशाच्या मजुरांची पोरं साठ-सत्तरच्या दशकांत उठली, स्वतःला चिकानो म्हणवू लागली. भिंती रंगवल्या. त्या भिंतींवर बाई कोण? सोसणारी आई, नाहीतर क्रांतिवीराची सोबतीण. मग १९७४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत 'मुहेरेस मुरालिस्तास' या गटातल्या बाया स्वतः परांचीवर चढल्या. १९७८ साली योलांडा लोपेझनं ग्वादालूपेच्या मातेच्या जागी स्वतःलाच काढलं. पायात बूट, हातात साप, धावत सुटलेली. १९८२ साली एस्तेर एर्नांदेझनं मनुक्यांच्या खोक्यावरच्या हसऱ्या पोरीचा सांगाडा करून टाकला. कारण द्राक्षावर मारलेलं विष मजुराच्याही अंगात जातं. जुन्नरच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या आयाबहिणींना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

या बायांनी चळवळ सोडली नाही. चळवळीतच राहून चळवळीला जाब विचारला.

आता आपलं बघू. आपल्या कवितेत आई येते, पिचलेली, राबलेली, आणि आपण टाळ्या घेतो. ती आई लिहायला बसली तर तिला पान कोण देणार? १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' असं पुस्तकाचं नावच ठेवावं लागलं. त्यातला 'ही' कुणाला उद्देशून आहे, हे पोरांनो, ओळखा.

म्हणून मागणी सरळ आहे. पुढच्या जलशात ढोलकी मुलीच्या गळ्यात पाहिजे. वग तिनं लिहावा, खाली नाव तिचं छापावं. चहाची किटली तुम्ही उचला. एवढंही जमणार नसेल, तर समतेच्या घोषणा देऊ नका.

जय भीम!