बोर्ड लागला, पण शेळ्या तिथेच होत्या!

आज आपण अशा एका बेटावर जाणार आहोत, जिथे आपल्याला खरं तर कुणी उतरूच देणार नाही.

पण सुरुवात सोसायटीच्या गेटपासून करू. गेटजवळ एक बुटकं पामचं झाड असतं बघा, ज्याचं खोड खाली बाटलीसारखं फुगलेलं असतं. नर्सरीत त्याला 'बॉटल पाम' म्हणतात. त्याचं मूळ गाव कुठलं माहितीये? मॉरिशस. हो, तेच मॉरिशस, जिथे आपले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्याच्या उत्तरेला साधारण २२ किलोमीटरवर समुद्रात एक बेट आहे, राऊंड आयलंड. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. जगभरच्या बागांमध्ये मिरवणारा हा पाम रानात टिकला तो फक्त तिथे. आणि एक वेळ अशी आली, की तिथेही बोटांवर मोजण्याइतकीच झाडं उरली.

कोणी तोडली? कोणीच नाही. खाल्ली!

झालं काय, की एकोणिसाव्या शतकात या बेटावर शेळ्या आणि ससे सोडले गेले. नवं रोप उगवलं की फस्त. झाडं गेली, मग पावसाबरोबर माती समुद्रात गेली आणि खालचा खडक उघडा पडला.

१९५७ मध्ये बेट राखीव जाहीर झालं. छान! पण मंडळी, शेळीला कुठे वाचता येतं? ती चरतच राहिली.

या बेटावर 'बोआ' म्हणून ओळखले जाणारे दोन साप होते. त्यांच्या वरच्या जबड्याचं हाड दोन भागांत दुमडतं, असं इतर कुठल्याच सापात दिसत नाही. त्यातला एक मातीत बिळं करून राहायचा. तो शेवटचा दिसला १९७५ मध्ये. म्हणजे बेट 'राखीव' झाल्यानंतर तब्बल १८ वर्षांनी. माती संपली, तोही संपला.

शेळ्या हटल्या १९७९ पर्यंत, ससे १९८६ मध्ये. हटवल्या म्हणजे काय, तर मारल्या. सशांना विष घालावं लागलं. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण दुसरा साप आज तिथे आहे, बॉटल पामची नवी रोपं मोठी झालीत, ती यामुळेच.

काम तिथेही थांबलं नाही. मॉरिशसची महाकाय कासवं कधीच नामशेष झाली होती, म्हणून २००७ पासून आल्डाब्राची कासवं आणून सोडली. ती फळं खातात, बिया पसरवतात, तण चरतात. बेटावर कायमची वस्ती नाही, फक्त कर्मचारी आणि संशोधक आळीपाळीने राहतात. त्यांचेही बूट, बॅगा आधी नीट तपासतात, कारण बुटाला चिकटलेलं एक बी किंवा सामानात लपलेला एक उंदीर सगळ्यावर पाणी फिरवू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी 'अमुक जागा संरक्षित जाहीर' अशी बातमी स्क्रोल करताना दिसली, की लाईक जरूर करा. पण एक प्रश्नही विचारा: बोर्ड लागला, आता पुढे काय?

आणि हो, गेटजवळच्या त्या पामला आज एकदा हात लावून या. भेटू पुढच्या भागात!