उभ्या गाडीची बॅटरी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागात गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. कामाला जायचं लोकलने, बाजार करायचा पायी, आणि गाडी निघणार ती रविवारी नाहीतर गावी जायला. शिवाय गल्लीत एकदा जागा मिळाली की ती जाईल या धास्तीने माणसं महिना-महिना गाडी हलवत नाहीत. मग एके दिवशी सकाळी, नेमकी सगळं घर डब्यापिशव्यांसह तयार असताना, किल्ली फिरवावी तर बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू येते. सेल्फ लागत नाही. खाली जमलेल्यांपैकी कोणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘बॅटरी गेली.’ तासाभरात स्कूटरवर पायाशी नवी बॅटरी ठेवून मेकॅनिक येतो, जुनी काढतो, नवी बसवतो, पैसे घेऊन जातो.

या घाईबद्दलच मला आज बोलायचं आहे. बॅटरी बदलणं सोपं आहे. ती का बसली हे न शोधता बदलणं मात्र महागात पडतं, कारण तेच कारण नव्या बॅटरीलाही खातं.

आपल्या रस्त्यांवरची काळी-पिवळी फियाट टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी. ताडदेवच्या आरटीओत तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. दिवसपाळीचा चालक उतरला की रात्रपाळीचा बसायचा, त्यामुळे त्या गाडीची बॅटरी सतत चार्ज होत असे. चालक बूच उघडून पाण्याची पातळी बघायचे, डिस्टिल्ड वॉटर टाकायचे. आणि बॅटरी उतरलीच तर चार माणसांनी धक्का दिला की गाडी सुरू. आजच्या ऑटोमॅटिक गाडीला धक्का देऊन उपयोग नाही. गिअरच्या गाडीतही बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर इंधन सोडणारा संगणकच जागा होत नाही, तिथे धक्का काय करणार?

उभ्या गाडीत बॅटरी कशी रिकामी होते, याचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात, पण जेमतेम दोन सेकंद. एकंदरीत ते फार थोडं. खरी गळती गाडी बंद असताना होते. रिमोट लॉक, अलार्म, घड्याळ, संगणकाची स्मृती हे सगळं मिळून पन्नास मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जाणं ठीक मानतात. पन्नास मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. तीन आठवड्यांत पंचवीस. लहान गाडीची बॅटरी असते पस्तीस अँपिअर-अवरची! त्यात कोणी जीपीएस किंवा डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडला असेल, तर तीन आठवडेही लागत नाहीत.

बरं, रिकामी झाली तर पुन्हा चार्ज करू, असं म्हणावं तर तिथेही अडचण आहे. बॅटरीच्या आत शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. वीज खर्च होते तसं पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, आणि लगेच चार्ज केलं तर ते विरघळून जातं. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहिली, तर जुन्या पाकात साखरेचे खडे धरावेत तसे त्याचे टणक स्फटिक होतात. मग ते चार्जरला दाद देत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या, आणि नंतर बॅटरीच्या दुकानांत गर्दी झाली ती यामुळेच. आपल्याकडची उष्णता यात भर घालते. थंड देशांत हिवाळ्याच्या सकाळी बॅटरी दगा देते, आपल्याकडे ती बॉनेटखालच्या उकाड्यात हळूहळू झिजते. मुंबईत बॅटरी तीन-चार वर्षं टिकली, तर ती वाईट निघाली असं मी म्हणणार नाही.

दर रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणारे कितीतरी लोक मी बघतो. त्यांची काळजी खरी आहे, पण उपाय अपुरा आहे. इंजिन नुसतं चालू असताना अल्टरनेटर कमी वीज देतो, आणि त्यातली बरीचशी एसी आणि दिवेच घेतात. पावसाळ्यात हिंदमात्याच्या कोंडीत, वायपर, दिवे आणि एसी चालू ठेवून अडकलेल्या गाडीचीही तीच गत. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सकाळी लवकर गाडी काढा, मरीन ड्राइव्हवरून किनारी रस्त्याने वरळीला जा आणि परत या. रस्ता मोकळा असेल तर गाडीला छान चाल मिळते. गेलेली जागा पुन्हा शोधावी लागेल हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो.

तर सकाळी टकटक झाली, आता काय करायचं? प्रथम मल्टिमीटर आणा. लॅमिंग्टन रोडवर तो साध्या किमतीत मिळतो, आणि गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा असं मला मनापासून वाटतं. गाडी काही तास बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, आणि १२च्या खाली म्हणजे उतरलेलीच. उतरलेली बॅटरी दुकानात रात्रभर सावकाश चार्ज करून घ्या आणि मग लोड टेस्टरवर तपासा. ताण दिल्यावर आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर ती बॅटरी संपली. टिकला, तर दोष दुसरीकडे शोधा.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका काकांनी दोन वर्षांत तिसरी बॅटरी आणायची तयारी केली होती. टर्मिनल स्वच्छ होती, अल्टरनेटर ठीक होता. शेवटी मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. बाहेर काढून बघितलं, तर डिकीतला दिवा विझतच नव्हता. झाकणाचा स्विच दबत नव्हता. पाच वॉटचा एवढासा दिवा, पण दिवसाला दहा अँपिअर-अवर पिणारा. चार दिवसांत पस्तीसची बॅटरी रिकामी! बदलायची होती ती बॅटरी नव्हे, स्विच.

कधीकधी जंप देऊन वेळ निभवावी लागते. इथे आपल्या भागाची निराळीच अडचण आहे. वाडीतल्या गल्लीत गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, दुसरी गाडी तोंडासमोर आणायची कुठून? आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या परळच्या टॉवरांत गाडी यांत्रिक पार्किंगच्या वरच्या फळीवर असते, तिथे तर केबल पोचणंच अशक्य. अशांनी हातात मावणारा जंप स्टार्टर घरी चार्ज करून ठेवावा. केबल लावणारच असाल तर लाल आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चालू गाडीच्या धन टोकाला. काळी चालू गाडीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, म्हणून हा क्रम.

आता खरोखरच नवी घ्यायची आहे असं धरू. ऑपेरा हाऊसच्या बाजूला सुट्या भागांची इतकी दुकानं आहेत की भाव विचारताना डोकं गरगरतं. आधी जुन्या बॅटरीवरचा नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या. समजा ३८बी२०एल. यातला ३८ ताकदीचा दर्जा सांगतो, बी रुंदी-उंचीचा वर्ग, २० म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर लांबी, आणि शेवटचा एल किंवा आर टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते. हे एक अक्षर चुकलं की गाडीची वायर टर्मिनलपर्यंत पोचत नाही, आणि मग ती ओढून ताणून बसवली जाते. असं कोणाला करू देऊ नका. ‘थोडी मोठी टाका, जास्त चालेल’ हा सल्लाही सरसकट घेऊ नका. खाली ट्रेमध्ये नीट बसत असेल, वर बॉनेटला टेकत नसेल, तर थोडी मोठी चालते, पण उभ्या गाडीला तिचा लाभ थोडाच. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, जी मूळची होती तीच घ्या. साधी टाकलीत तर ती लवकर जाईल.

मी सर्वांत जास्त बघतो ती बनावटीची तारीख. दुकानाच्या फळीवर पडलेली बॅटरीही उतरत असते. दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक, वर्षभर जुनी मिळत असेल तर स्वस्तातही नको. वॉरंटी वाचताना पूर्ण बदलून मिळण्याचे महिने किती आणि त्यानंतर हिश्शाने सूट मिळण्याचे किती, हे वेगळं विचारा. छत्तीस अधिक छत्तीस म्हणजे बहात्तर महिने फुकट बदलून मिळणार, असा अर्थ नाही.

जुनी बॅटरी दुकानदारालाच द्या, बिलात तेवढी सूट घ्या. गल्लीतल्या भंगारवाल्याने दोन पैसे जास्त देऊ केले तरी नको. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतो. उघड्यावर फोडली तर अ‍ॅसिड गटारात जातं आणि शिशाची धूळ आजूबाजूच्या मुलांच्या पोटात, आणि त्या मुलांच्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण ती साखळी तुमच्या-माझ्या हातातून सुरू होते.

बसवताना समोर उभे राहा. आधी ऋण टोक सुटलं पाहिजे. गाडीची सगळी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते, त्यामुळे ते जोडलेलं असताना धन टोकावरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. लावताना उलट, धन आधी आणि ऋण शेवटी. आपली हवा खारी, वायरच्या क्लॅम्पवर पांढरा-हिरवा फुलोरा धरतो. तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, क्लॅम्प पूर्ण कोरडा करा, आणि जोडणी झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. क्लॅम्प ठोकून बसवायचा नाही. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी घट्ट आवळली का, ते हाताने हलवून बघा. बॅटरीभोवती कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण असेल तर ते परत घालायला लावा. बरेच जण ते बाजूला टाकून जातात, आणि उष्णता अडवायचं काम तेच करतं. घड्याळ आणि काचांची आपोआप वरखाली पुन्हा जुळवावी लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग इंजिन चालू करून मीटर लावा. १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. साडेबाराच्या वर असेल तर बॉनेट लावून कामाला जा. खाली असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा आणि बंद गाडीतला प्रवाह मोजून घ्या. लॉक केल्यावर अर्धा तास थांबून मोजायला सांगा, कारण गाडीतले संगणक झोपायला तेवढा वेळ घेतात.