गारव्याचा हिशेब

अमेरिकेतील व्हाइटवॉटर या लहानशा गावी एका अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत असत. हिवाळ्यात वर्ग उबदार ठेवण्याचे काम शिपायाकडे होते. त्याने वरचेवर वर्गात येऊन तपमान पाहावयाचे आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीअधिक करावयाच्या. या येरझारांमुळे शिकविण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी खोलीतील तपमानाची वार्ता विजेच्या घंटेने तळघरात पोचविण्याची युक्ती शोधली व १८८३ साली तिचे पेटंट मिळविले. पुढे झडपांवरचा शिपायाचा हातही यंत्राने घेतला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट तो हाच.

थंड देशात ऊब राखणारी ही योजना उष्ण देशात गारवा राखते. परंतु तिच्याविषयी एक गैरसमज मोठा चिवट आहे. उन्हातून आलेला गृहस्थ वातानुकूलन यंत्राचा आकडा थेट १६ वर नेतो; खोली त्यामुळे लवकर निवेल, अशी त्याची समजूत. वस्तुतः साधे यंत्र आपल्या एकाच वेगाने चालते. आकडा ठरवितो तो कोठे थांबावयाचे, एवढेच. २४ अंशांवर जे विसावले असते ते १६ च्या मागे धावत राहते, आणि मध्यरात्री घरातील मंडळी रजया शोधू लागतात. पैसे मोजून हुडहुडी विकत घेण्याचा हा प्रकार विलक्षणच म्हणावयाचा!

माणसाच्या या विसराळूपणावर घड्याळाचा उपाय निघाला. कोणत्या वेळी किती तपमान हवे, ते आधीच नेमून ठेवावयाचे. पण नेमून ठेवण्याचा खटाटोप फारच थोड्यांनी केला. अपेक्षित बचत दिसेना, तेव्हा अमेरिकन सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेने २००९ च्या अखेरीस अशा उपकरणांवरील आपली मान्यतेची मुद्रा काढून घेतली. त्यानंतर आले ते ‘स्मार्ट’ नियंत्रक. घरात कोणी वावरत आहे की नाही हे ओळखून ते स्वतःच यंत्र आवरते घेतात. घर केव्हा रिकामे असते हे जाणणारे उपकरण ती माहिती आणखी कोणाला कळविते, याची चौकशी मात्र खरेदीपूर्वी केलेली बरी.

भारतात बहुधा सबंध घर नव्हे, तर निजण्याची एखादी खोली थंड केली जाते. येथे महागड्या नियंत्रकाआधी बंद दार, जाड पडदा आणि छताचा पंखा यांचा मान. पंखा फिरत असेल तर एकदोन अंश अधिक सहज सोसतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावीत, असा नियम झाला. आकडा बदलण्याची मुभा अर्थातच मालकाला आहे. शयनगृहांतील ही यंत्रे सुरू होतात ती प्रायः रात्री. त्या वेळी सूर्यापासून मिळणारी वीज थांबलेली असते, आणि देशाचा मुख्य भार कोळशाच्या वीजकेंद्रांवर असतो.