ब्रेकच्या दोषाची चौकशी
(वाशीम येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कापसाच्या गाठींनी किंवा सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला एखादा जुना ट्रक वाशीमहून निघून, मालेगाव आणि मेडशी मागे टाकीत, पातूरच्या घाटाने अकोल्याच्या सखल मुलखात उतरू लागतो, तेव्हा त्याचा वेग आवरणारे ब्रेकचे तेल फार तर एखाद्या मोठ्या तांब्यात मावेल इतकेच असते; आणि तरीही चालकाचा, क्लीनरचा व वळणापलीकडून येणाऱ्या सर्वस्वी अनभिज्ञ माणसाचा जीव त्या अल्पशा द्रवाच्या हवाली केलेला असतो. ज्या जिल्ह्यातील कारंज्याचा कापूस-बाजार 1886 सालीच हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने शिस्तीखाली आला, त्या जिल्ह्यात तो माल वाहणाऱ्या गाडीच्या ब्रेकची चौकशी मात्र ‘तेल घाला आणि चला’ एवढ्यावर मिटावी, याचे मला मनापासून दुःख होते.

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि आपल्या ट्रकचा ब्रेक त्याच सिद्धान्तावर उभा आहे. पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधील पिस्टनवर पडतो, तेल तो व्हील सिलिंडरांपर्यंत नेते, आणि ब्रेक शू ड्रमला भिडतात. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. दोषाचा बहुतेक सारा तपास या एका भेदावर चालतो. जुन्या गाड्यांत पुष्कळदा सर्व चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असल्यामुळे एका चाकाची नळी फुटली, की बाकीची सारी चाकेही निराधार होतात.

म्हणून माझा आग्रह असा, की चाकांना ओट लावून पाना हाती घेण्यापूर्वी पेडलची कैफियत पुरती ऐकून घ्यावी. पेडल स्पंजासारखे लवचिक लागत असेल आणि पंप केल्यावर वर येत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या दाबाला उंच व कठीण लागत असेल, तर शू आणि ड्रम यांतील अंतर वाढले आहे, ते अ‍ॅडजस्ट केले पाहिजे. आणि पाय स्थिर ठेवला असता पेडल हळूहळू फळीपर्यंत उतरत असेल, बाहेर कोठेही ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजून तेल आतल्या आत मागे सरकते आहे, असे बहुतांशी निश्चयाने म्हणता येते. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एखाद्या लायनरवर ग्रीस अथवा तेल आले आहे, किंवा एखादा व्हील सिलिंडर गंजून अडला आहे. व्हॅक्यूम बूस्टरच्या गाडीत पेडल दगडासारखे कठीण झाले असता, इंजिन बंद ठेवून ते अनेकदा दाबावे आणि पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टर किंवा त्याची नळी संशयास पात्र ठरते.

ब्रेक जाम होणे हा प्रकार अधिक विचार मागतो. जॅकवर उचललेले चाक फिरत नसेल, तर त्याचे हवा काढण्याचे ब्लीडर निपल सैल करून पाहावे. चाक मोकळे झाले तर दाब अडकला होता; न झाले तर स्प्रिंग, शू किंवा सिलिंडर यांतच दोष आहे. सर्वच चाके जाम असून मास्टर सिलिंडरजवळचा सांधा सैल करताच सुटत असतील, तर तेल परत जाण्याचे सूक्ष्म छिद्र बुजले आहे, किंवा पेडलला मोकळी चाल उरलेली नाही. एकच चाक अडत असेल, तर त्याचा होज पाइप बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून फुगलेला असू शकतो. इंजिन ऑइल ब्रेकमध्ये ओतले, किंवा रबरी कप डिझेलने धुतले, की ते फुगतात, आणि नवे सामानही निकामी होते. हा अपराध अज्ञानाने घडतो, पण त्याची किंमत तिसराच मनुष्य देतो.

घाटातील दोष सर्वांत फसवा असतो. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते. डॉट 3 दर्जाच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर मात्र तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ड्रम तापतात, तेल उकळून वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच दबते. चालक पायथ्याशी कसाबसा थांबतो. सकाळी मिस्त्री पाहतो तेव्हा तेल थंड, पेडल उत्तम, आणि दोष चालकाच्या माथी! अशा वेळी चालकाचे म्हणणे खरे मानून सर्व जुने तेल बदलावे, आणि घाट खालच्या गियरमध्ये उतरावा.

ब्रेकचे तेल इंजिनच्या तेलासारखे जळून जात नाही. लायनर झिजल्याने टाकीतील पातळी थोडी उतरते. त्याहून अधिक उतरली, तर गळती शोधल्याशिवाय गाडी हलवू नये. हवा काढताना बहुतेक गाड्यांत सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा, टाकी रिकामी होऊ देऊ नये, आणि निपलला लावून बाटलीत सोडलेल्या नळीतून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत घाई करू नये. त्यानंतर पेडल मिनिटभर जोराने दाबून धरून प्रत्येक सांधा हाताने चाचपावा, रिकामा ट्रक सपाट जागेवर मंद वेगाने थांबवून पाहावा, आणि तेवढे समाधानकारक झाल्यावरच तो माल भरण्यास पाठवावा.