कर्ता माणूस गेल्यावर मागे राहिलेले देणे



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते, बोंडअळी यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. मी शेतकी खात्याचा माणूस, वकील नव्हे. पण गावोगाव फिरताना हा प्रश्न इतक्या घरांत दिसतो की, बोलल्यावाचून राहवत नाही.

माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. माझे चुलते वारले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा चुलत भावाने हात जोडून सगळ्यांदेखत सांगितले, "आबांचे सगळे देणे मी फेडीन." कावळा शिवला. तेराव्याला एकजण तयार कागद घेऊन आला, आणि भावाने सही केली. चुलत्यांच्या मागे जेवढे होते, त्याच्या दुप्पट देणे निघाले. पुढे वहिनीच्या अंगावरचे, तिच्या माहेरचे डागसुद्धा मोडले. त्या डागांवर त्या देणेकऱ्यांचा काडीचाही हक्क नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात धरा. मयताचे देणे हे त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचे असते. वारसाच्या हाती जेवढे आले, तेवढ्यापुरताच तो जबाबदार. दिवाणी कायद्याचे कलम ५० हेच सांगते. बापाचे ऋण मुलाने फेडलेच पाहिजे, असे जे जुन्या हिंदू कायद्यात धर्मकर्तव्य म्हणून चालत होते, ते ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जाला लागू नाही. बायकोचे स्त्रीधन, तिच्या नावची जमीन, मुलाचा पगार यांना हात लावता येत नाही. मात्र तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर गोष्ट वेगळी. जामीनदाराची जबाबदारी कर्जदार गेला म्हणून संपत नाही.

म्हणून सुतकात कोणत्याही कागदावर सही करू नका, अंगठा देऊ नका. हातउसन्या आणि चिठ्ठीवरच्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 'नवं-जुनं करून घेऊ' म्हणून कोणी नवी चिठ्ठी लिहून घेतली, की ते देणे तुमच्या स्वतःच्या नावाचे होऊन बसते. येणाऱ्याला पाणी द्या, चहा द्या आणि म्हणा, "कागदाची नक्कल ठेवून जा, हिशेब झाल्यावर बोलू."

आता करायचे काय? मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी आणि दाखल्याच्या चार-सहा प्रती घ्याव्यात. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. त्यात आई, बायको, मुलगे आणि मुली, सगळ्यांची नावे येतात. लग्न झालेल्या बहिणीचे नाव गाळू नका. मग सातबारा काढून 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. सोसायटीचा इकरार किंवा बँकेचा बोजा तिथे दिसेल. हा बोजा जमिनीबरोबर चालतो. वारसाचे नाव लागले म्हणून तो उतरत नाही. सोसायटीकडून खात्याचा उतारा लेखी मागा आणि मयताच्या भागांच्या रकमेचे काय, तेही विचारा.

पासबुकही चाळून पाहा. वर्षाला ४३६ किंवा २० रुपये कापले गेले असतील, तर तो पंतप्रधान विम्याचा हप्ता असू शकतो. पहिला कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी, दुसरा अपघातासाठी. दोन्हींत दोन लाखांचा विमा असतो. वीज पडून, सर्पदंशाने किंवा विहिरीत पडून मृत्यू झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच या. पुष्कळ घरे हे विसरतात आणि इकडे म्हैस विकतात.

आता समजा, देणे जास्त आणि मालमत्ता थोडी, अशी स्थिती आहे. जमीन बँकेच्या गहाणातच पुरती अडकलेली. बाकी म्हैस ६० हजार, मोटारसायकल ३० हजार, घरातले सोयाबीन २६ हजार, खात्यावर १४ हजार. एकूण १ लाख ३० हजार. शेवटच्या दुखण्याचा आणि अंत्यविधीचा खर्च २२ हजार, तो आधी निघतो. (अंत्यविधी म्हणजे अंत्यविधी, तेराव्याचे गावजेवण नव्हे!) मग गड्याची अखेरच्या तीन महिन्यांतली मजुरी, समजा ८ हजार. राहिले एक लाख. देणे मात्र खतवाल्याचे ६०, पाहुण्याचे ५० आणि परवानाधारक सावकाराचे ९०, असे दोन लाख. म्हणजे रुपयाला आठ आणे. खतवाल्याला ३०, पाहुण्याला २५, सावकाराला ४५ हजार. वारसा कायदा मृत्युपत्राच्या किंवा कोर्टाच्या व्यवस्थापकाला हाच क्रम घालून देतो. आपणही तोच धरावा. जो मोठ्याने ओरडतो त्याला सगळे दिले आणि गरीब पाहुण्याला काहीच नाही, असे करू नये.

पैसे देताना पावती घ्या, मूळ चिठ्ठी परत घ्या, आणि 'मयताच्या मालमत्तेतून, संपूर्ण फेड' असे लिहून घ्या. म्हैस विकली तर बाजाराची पावती जपून ठेवा. मयताची मालमत्ता विकून पैसा कुठे गेला हे दाखवता आले नाही, तर कोर्ट तेवढी रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. कोणाचे बुडवा असे मी सांगत नाही, उलट सगळा हिशेब उघडा ठेवा असे सांगतो.

परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा माणूस दारात येऊन दम देत असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करा. आणि जप्तीची भीती कोणी घातली तर एवढे जाणून असा : शेती करून पोट भरणाऱ्याची गरजेची अवजारे, बैल, बियाणे, भांडीकुंडी आणि राहते घर यांना दिवाणी जप्तीत संरक्षण आहे. गहाण टाकलेल्या वस्तूला मात्र ते मिळत नाही.

कोर्टाची नोटीस आलीच, तर ती घ्या. नाकारू नका आणि तारीख चुकवू नका. गैरहजर राहिल्यास हुकूम एकतर्फी होतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींनाही तसेच. जाताना मृत्यूचा दाखला, सातबारा, पासबुक आणि आलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला एका पिशवीत घालून न्या.

येतो. रामराम.